‘पाणी झालं’ कोण म्हणणार?

गोंदियाजवळ फुलचूरच्या आमच्या ऑफिसात ती पहिल्या दिवशी आली, तेव्हा मी तिच्यासमोर हिरव्या रंगाच्या छटा मांडून ठेवल्या होत्या. पोपटी, शेवाळी, धानाच्या पऱ्ह्यासारखा, म्हणजे लावणीच्या रोपांसारखा कोवळा, बाटलीसारखा गडद. म्हटलं, मॅडम, बसा, चहा घ्या आणि आमच्या बटनासाठी यातला एक निवडून द्या. संध्याकाळपर्यंत झालं तरी चालेल.

ती यूएक्स डिझायनर होती, म्हणजे वापरणाऱ्याला ॲप सोपं कसं जाईल ते पाहणारी. मूळची चिचगडकडची, शिकायला पुण्याला गेलेली, आणि घराजवळ काम मिळतं म्हणून आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत आलेली. तिला घ्यायचा हट्ट माझ्या भागीदाराचा. हा गोंदियाच्या बाजारात वाढलेला, हिशोब हिंदीत करणारा आणि भांडणही हिंदीतच करणारा माणूस. मी त्याला म्हटलं होतं, “बटनं रंगवायला पगारी माणूस कायले?” तो म्हणाला, “भाई, तू बनाता है तो तेरे सिवा कोई चला नहीं पाता. इसलिए.”

तिनं छटा बाजूला सारल्या आणि विचारलं, “सर, हे बटन कोण दाबणार आहे?”

“ज्याचं पाणी झालं तो.”

“तो का दाबेल?”

“झालं म्हणून!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. फोनची बॅटरी संपलेला माणूस चार्जरकडे पाहतो तसं नव्हे, डॉक्टर पेशंटकडे पाहतो तसं. मग डायरीत काही लिहिलं. मला वाटलं, रंग लिहिला असेल.

आता हे बटन काय ते सांगतो. कामठ्याजवळच्या एका गावात जुना तलाव आहे. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाणी पाटात येतं आणि पाटाकाठच्या शेतांना एकामागून एक मिळत जातं. आधी वरच्याला, मग त्याच्या खालच्याला, असं करत शेवटच्यापर्यंत. नंबर ठरलेले. त्रास एवढाच की आपला नंबर नेमका कधी लागेल हे कळायला माणसाला दिवस दिवस बांधावर बसून राहावं लागे. तलावाच्या कमिटीनं आम्हाला विचारलं, याच्यासाठी फोनमध्ये काही होईल का? मी म्हटलं, होईल म्हणजे काय, धावेल.

आणि मी ते धावतं केलं. ज्याचं पाणी घेऊन झालं त्यानं ‘पाणी झालं’ हे बटन दाबायचं. दाबलं की पुढच्याच्या फोनवर घंटा वाजणार. तोवर त्यानं घरी आरामात राहायचं. ऑफिसात आम्ही फोन एका रांगेत मांडून तपासलं. मी दाबलं, भागीदाराचा वाजला. त्यानं दाबलं, अकाउंटवाल्याचा वाजला. एकदाही चुकलं नाही. चुकणार कसं? आमच्यापैकी एकाचाही धान त्या पाटावर नव्हता.

ती म्हणत होती, सुरू करायच्या आधी दोन दिवस शेतावर जाऊन बसू. मी उडवून लावलं. “मी इथलाच आहे. धानातच वाढलो.” हे खरंच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे जायचो आणि बांधावर बसून चिवडा खायचो. उन्हाळ्यात धान नसतो, ही बारीक गोष्ट तेव्हा आठवली नाही.

आत्याचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. पाटाच्या अगदी शेवटी जे वावर आहे, बांध घातलेली धानाची बांधी, ते माझ्या आत्याचं. गावच्या मीटिंगीत लोक कुरकुरले, तेव्हा तीच उभी राहिली होती. “माह्या भाच्यानं केलं आहे. चालते.” झालं. आत्यापुढे कोण बोलणार?

दसरा उलटला, पावसानं पाठ फिरवली आणि धान निसवायला लागला. लोंब्या बाहेर पडतात ते हे दिवस. या दिवसांत शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरतो. नाही मिळालं तर लोंब्या वरून छान दिसतात आणि हातात धरल्या की पोचट. कमिटीनं तुडूम उघडलं आणि आमचं ॲप सुरू झालं. पहिल्याच्या शेतात पाणी गेलं, दुसऱ्याच्या गेलं. दोघे कमिटीतलेच, त्यांनी बटन दाबलंही. मी ऑफिसात जिलबी मागवली. तिसऱ्याकडे पाणी गेलं आणि तिथेच राहिलं.

जिलबी संपली, दुसरा दिवस संपत आला, पाणी तिसऱ्याकडेच. आत्याचा फोन आला.

“बाबू, तुयी घंटा नाही वाजून राहिली.”

“वाजेल आत्या. नंबर यायचा आहे.”

“काऊन नाही आला? मागच्या साली आतापर्यंत आला होता. मी घरीच बसून आहे, तू म्हणला म्हणून. बांधीले भेगा पडून राहिल्या, बाप्पा. सकाळी हात घातला तर मनगटापर्यंत गेला.”

इतकी वर्षं ती बांधावर जाऊन बसायची आणि आपलं पाणी आणायची. यंदा माझ्या सांगण्यावरून घरी बसली, आणि तिचा धान तहानेनं मरत होता. मी तिचे कष्ट वाचवले नव्हते. पाण्याच्या रस्त्यातून तिलाच बाजूला काढलं होतं.

घाबरलेला प्रोग्रामर काय करतो? अजून प्रोग्रामिंग करतो. मी तिसऱ्या नंबरवाल्या काकांना आधी फोन लावला. “काका, पाणी झालं असेल तर बटन दाबा ना.” ते म्हणाले, “दाबतो नं.” नाही दाबलं. मग मी आठवण करून देणारी घंटा टाकली. थोड्या थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजणार आणि बटन लुकलुकणार. काकांनी फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळला आणि सायकलच्या हँडलला टांगून दिला. हे मला नंतर कळलं. तोवर मी घंटेचा आवाज वाढवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमिटीकडून भागीदाराला फोन आला. तिसऱ्याच्या बांधीतून पाणी वाहून नाल्यात जाऊन राहिलं आहे आणि तलाव खाली चालला आहे. म्हणजे आत्याच्या वाट्याचं पाणी नुसतं थांबलं नव्हतं, सांडत होतं. भागीदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “भाई, बुआ का धान गया तो तेरा कामठा जाना बंद. और मेरा भी, मैं तेरे साथ खाता हूँ वहाँ.”

मी डिझायनरकडे वळलो. ती आधीच हेल्मेट घालून उभी होती.

“चला सर. पण एक अट आहे. तिथे तुम्ही बोलायचं नाही.”

“म्हणजे कमी बोलायचं?”

“म्हणजे नाही.”

मी स्कूटरवर मागे बसून गप्प राहायचा सराव करत गेलो. रावणवाडीचा फाटाही आला नव्हता, तर मी तिला रस्ता समजावायला लागलो होतो.

तिसऱ्या काकांची बांधी काठोकाठ भरलेली. पाणी एका कोपऱ्यातून हळूच नाल्याकडे निसटत होतं. काका बांधावर बसून खर्रा घोटत होते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून चोळायचा. आमच्याकडे कामाच्या आधी, कामाच्या मधे आणि कामाऐवजी तो लागतो. तिनं राम राम केला आणि बाजूला बसली. काही विचारलंच नाही. मला राहवेना.

“काका, हे पाहा, बांधी भरली ना? मग हे इथलं बटन—”

“सर.”

मी गप्प बसलो. अर्ध्या मिनिटानं पुन्हा उघडलो. “नाही, मी एवढंच म्हणतो की—”

काकांनी खर्ऱ्याची पन्नी माझ्यापुढे केली. “घ्या जी.” मी खात नाही. नाही म्हणणार होतो. पण ती म्हणाली, “घ्या सर, घ्या. तोंड भरलेलं राहील.”

रागानं घेतला. चांगली चिमूट भरून घेतला. सांगायला हरकत नाही, माझ्या आयुष्यातलं यूएक्ससाठीचं सर्वांत मोठं योगदान ते. थोड्या वेळात पाट, बांधी, काका आणि समोरचं पळसाचं झाड हळूहळू एकाच दिशेनं फिरायला लागलं. थुंकायला गेलो तर उठता येईना. मी पळसाखाली आडवा झालो. काका म्हणाले, “साहेबाले लागला.” ती म्हणाली, “बरं झालं.”

तर पुढचं सगळं मी आडवा पडून पाहिलं. म्हणूनच पाहिलं म्हणा ना. उभा असतो तर बोललो असतो.

बराच वेळ काही घडलं नाही. तिनं काकांना विचारलं, “आधी कसं होत होतं हो? ॲप नव्हतं तेव्हा?”

“कसं होते? असंच होते.”

“म्हणजे पाणी बंद कोण करायचं?”

“बंद होऊन जाते जी.”

यापेक्षा जास्त त्यांना सांगता येईना. लपवत नव्हते. आपण चप्पल आधी कोणत्या पायात घालतो हे आपल्याला कोणी विचारलं तर आपणही असेच अडकतो. ती पुन्हा गप्प बसली. मी आडव्यानंच विचार केला, ही बसायचा पगार घेते.

मग चौथ्या नंबरचा माणूस आला. घंटेची वाट पाहून कंटाळला असावा. खांद्यावर फावडं, पायजामा गुडघ्यापर्यंत. मला वाटलं, आता भांडण. दोन दिवस याचं पाणी अडलं आहे. आता हा काकांच्या सात पिढ्या काढणार.

“काय बे, अजून जिता आहे का?” तो म्हणाला.

“तुया लग्नाचं जेवून मरतो म्हणलं. बस.”

तो बसला. खर्रा घेतला. सासुरवाडीचा विषय निघाला, कोणाची म्हैस कोणाच्या दारात व्याली त्याचा निघाला. पाण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. मग बोलता बोलताच तो उठला, फावड्यानं काकांच्या बांधीच्या तोंडाशी चिखलाचे दोन-तीन ढेपे टाकून ते बुजवलं आणि पाटातून आपल्या शेताकडचा बांध फोडला. पाणी वळलं. काका तेवढा वेळ नेमके दुसरीकडे, तलावाच्या पाळीवर बसलेल्या बगळ्याकडे पाहत होते. बगळा विशेष काही करत नव्हता.

ती पळसाखाली येऊन माझ्याजवळ उकिडवी बसली. “पाहिलं?”

“काय?” मी म्हटलं. खर्रा तेव्हा जरा उतरत होता.

“पाणी झालं असं कोणीच म्हटलं नाही. ज्याला पाहिजे होतं त्यानं येऊन नेलं.”

मग तिनं काकांना सरळ विचारलं. “काका, तुमचं भरलं होतं, मग तुम्हीच का नाही बुजवलं?”

काकांना प्रश्नच विचित्र वाटला. “म्या कायले बुजवू? लेकराच्या पुढचं ताट त्याची माय उचलते का? माह्याच हातानं माह्या धानाले सांगू, पुरे झालं म्हणून?” आणि चौथ्याकडे बोट दाखवलं. “हा येते, नेते. म्या काही म्हणलं का त्याले?”

“नाही,” चौथा म्हणाला. “कधीच नाही म्हणलं. चांगला माणूस आहे.”

मी उठून बसलो. डोकं अजून फिरत होतं, पण आता आतून. माझं ते हिरवं, लुकलुकणारं, घंटा वाजवणारं बटन त्या माणसाला दिवसभर सांगत होतं की आपल्या हातानं आपल्या धानाचं ताट उचल. आणि ज्याच्या हातात फावडं होतं, ज्याचा घ्यायचा हक्क होता आणि ज्याच्या घेण्याचं कोणालाही वाईट वाटत नव्हतं, त्या माणसाला मी घरी बसवून ठेवलं होतं. काका कंजूस नव्हते, चौथा आळशी नव्हता. शहाणा फक्त मी होतो.

आत्याच्या ओसरीवर बसून काम केलं. बटन काकांच्या फोनवरून काढलं आणि चौथ्याच्या फोनवर ठेवलं. आधीच्याकडे पाणी सुरू झालं की पुढच्याला घंटा: ‘पाणी जवळ आलं, फावडं घेऊन निघा.’ त्यानं येऊन पाणी वळवलं की त्यानंच दाबायचं: ‘मी पाणी वळवलं.’ बस. याला कोड किती थोडा लागला हे मी भागीदाराला अजून सांगितलेलं नाही. डिझायनरनं माझं हिरवंही काढून टाकलं. उन्हात दिसत नाही म्हणाली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, जाड. माझ्या सगळ्या छटा वाया.

हे सगळं चालू असताना आत्या चहा आणून ठेवत होती आणि एकदाही विचारत नव्हती की पाणी येईल का. तेच जास्त लागत होतं. जाताना एवढंच म्हणाली, “बाबू, तुया चेहरा काऊन असा पिवळा पडला?” डिझायनर उत्तरली, “खर्रा लागला त्यांना.” आत्या इतकी हसली की खांबाला धरून बसली. शेताला भेगा पडलेल्या असताना ती हसली, हे मी कधी विसरणार नाही.

चौथ्यानं बटन दाबलं. पाचव्याची घंटा वाजली. मी आत्याकडेच मुक्काम ठोकला आणि माझ्या फोनवर नुसता पाहत बसलो. पाचवा निघाला. त्यानं वळवलं. सहावा निघाला. काही ठिकाणी उशीर झाला, एकाचा फोन चार्जिंगला घरीच राहिला होता, तरी पाणी थांबलं नाही. कारण फोन नसला तरी फावडं होतंच. हेही डिझायनरनंच आधी म्हटलं होतं, की ॲप बंद पडलं तरी काम बंद पडायला नको. मी त्यावर तिला मोठं व्याख्यान दिलं होतं. आठवत नाही, कशावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याची घंटा वाजली.

तिनं पदर खोचला, फावडं घेतलं. आम्ही मागे. तिच्या आधीच्या नंबरचा माणूस बांधावर उभा होता. बाई आलेली पाहून त्यानं मान वळवली आणि आभाळाकडे पाहत राहिला. आता मला ते वळणं ओळखता येत होतं. आत्यानं दोन ढेपे टाकून त्याचं तोंड बुजवलं आणि आपला बांध फोडला.

पाणी भेगांत शिरलं तेव्हा आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा, पण हळू आणि खूप वेळ. भेगांतून बुडबुडे निघत होते. माती पीत होती, पीत होती, आणि मग एका जागी पाणी थांबून चमकायला लागलं. कुठून तरी बगळे उतरले. आत्या चिखलात उभी राहून एका लोंबीला दोन बोटांनी चाचपून पाहत होती.

बटन तिनं दाबलं नव्हतं. माझे ओठ उघडले. शेजारून आवाज आला, “खर्रा आणू का?” मी मिटले.

आत्यानं सावकाश हात पदराला पुसले, कमरेच्या पिशवीतून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि दाबलं. “झालं बाप्पा,” ती म्हणाली. फोनला नाही, आम्हालाही नाही. पाण्याकडे पाहून म्हणाली.

मी बांधावरच बसलो. भागीदाराला फोन लावला तर तो म्हणाला, “बुआ को बोल, मैं इतवार को आ रहा हूँ खाने.” आणि मग, “उस लड़की को बोल, थैंक्यू.” मी म्हटलं, तूच सांग. तिला सांगायला माझ्याकडे बरंच काही होतं, पण मला त्या दिवशी न बोलण्याची नुकतीच सवय लागली होती.

ऑफिसात आता नवीन काही करायचं ठरलं की ती आधी शेतावर, दुकानात, दवाखान्यात जाऊन बसते. मी सोबत असतो. तोंडात लवंग धरतो. खर्रा पुन्हा कधी नाही. लोक विचारतात, ही मॅडम करते काय? मी सांगतो, मी जे करणार असतो ते होऊ देत नाही. यापेक्षा चांगलं वर्णन मला जमलेलं नाही, आणि तिलाही ते चालतं.

एक गोष्ट मात्र तिच्याही नजरेतून सुटली. बटन पुढच्यानं दाबायचं. आणि आत्यानंतर पाटावर कोणीच नाही. तिथून पुढे नाला. म्हणजे आत्याचा नंबर संपवणारं माणूसच जगात नाही. तुडूम बंद झालं, धान कापून झाला, दाणा ठणठणीत भरला, तांदूळ आमच्या घरी आला, आणि आत्याच्या फोनवर अजून जाड काळ्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘तुमच्या शेतात पाणी सुरू आहे.’

लक्षात आलं तेव्हा डिझायनर कपाळाला हात लावून हसली. मला काय आनंद झाला ते विचारू नका. मी लगेच दुरुस्त करायला बसलो, तर आत्यानं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“राहू दे नं बाबू. कायले बंद करते? सकाळी उठून पाह्यलं की बरं वाटते.”

मी डिझायनरकडे पाहिलं. तिनं मान हलवली. राहू द्या म्हणाली. वापरणाऱ्याचं ऐकायचं असतं.